पेपरात छापून आलेल्या गोष्टीला गुप्तवार्ता का म्हणायचं?

सदाशिव पेठेत राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थ्याने तीन प्रश्न एकदम विचारलेत. सरकारच्या गुप्तचर यंत्रणा खरंच वर्तमानपत्रं, टीव्ही, सोशल मीडिया बघून माहिती काढतात का? जे अमृततुल्यात बसलेल्या कुणालाही वाचता येतं, त्याला गुप्तवार्ता कसं म्हणायचं? आणि तिसरा, जरा दबकत विचारलेला: म्हणजे माझ्या पोस्टसुद्धा कुणी वाचत असेल का?

माझी बहुतेक नोकरी वर्तमानपत्रं वाचून टिपणं लिहिण्यात गेली. आता पुण्यात नव्या लोकांना तेच शिकवतो. त्यामुळे उत्तर लांबणार, आधीच सांगतो.

पहिल्याचं उत्तर: हो, आणि फार पूर्वीपासून. बहिर्जी नाईकांचं नाव प्रत्येक भाषणात निघतं, निघायलाच हवं. पण राज्यकर्त्यांना लागणारी रोजची माहिती वेष पालटून फिरणाऱ्यांपेक्षा एका जागी बसून लिहिणाऱ्यांनी जास्त पुरवली. पुण्यातलं पेशवे दफ्तर त्याचा पुरावा आहे. पेशव्यांचे वकील, म्हणजे राजदूत, ठिकठिकाणच्या दरबारांत असत. दिल्लीला हिंगणे घराण्याने ते काम केलं. त्यांच्या पत्रांत खलबतं असतात, पण त्याहून जास्त जागा उघड गोष्टींना असते. बादशहाने आज कुणाला भेट दिली, कुणाची फौज कुठे उतरली, कुणाचा पगार थकला म्हणून शिपाई बिथरले. उलट बाजूने निजामाचे अखबारनवीस पुण्यात बसून पेशवे दरबाराच्या बातम्या हैदराबादला पाठवत. ही माणसं कोण आहेत, काय लिहितात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी त्यांना हाकलत नसे, कारण आपलाही माणूस तिकडे बसलेला असे.

इंग्रजांनी याचं खातं केलं. मुंबई इलाख्याच्या सरकारात ओरिएंटल ट्रान्सलेटरची कचेरी होती. देशी वर्तमानपत्रांत काय छापून येतं त्याचा इंग्रजी गोषवारा तिथे तयार होई आणि दर आठवड्याला गोपनीय अहवाल म्हणून वर जाई. त्या काळचं जनमत अभ्यासायचं तर आज संशोधकांना हेच अहवाल उघडावे लागतात. बरेच मूळ अंक गेले, सरकारी गोषवारे राहिले.

पण याच यंत्रणेचं अपयश पुण्यात घडलं, आणि मी शिकवताना सुरुवात तिथूनच करतो. 1897 साली प्लेगच्या बंदोबस्तामुळे शहर धुमसत होतं. सरकार 'केसरी' अक्षर न् अक्षर वाचत होतं. 22 जूनच्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून परतताना गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकारी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. सरकारने मागे वळून 15 जूनचा 'केसरी' काढला, त्यातल्या शिवाजी उत्सवाच्या मजकुरावर राजद्रोहाचा खटला भरला आणि टिळकांना 18 महिन्यांची शिक्षा झाली. गोळ्या झाडणारे चापेकर मात्र त्या वाचनातून सापडले नाहीत. दामोदरपंत सापडले ते 20,000 रुपयांचं इनाम जाहीर झाल्यावर द्रविड बंधूंनी दिलेल्या माहितीवरून. म्हणजे खबऱ्याकडून.

यात दोन गोष्टी आहेत. शहर किती चिडलंय हे वर्तमानपत्रातून अचूक कळत होतं; सरकारने त्या चिडीची दखल घेऊन घरांच्या झडत्यांची पद्धत बदलली असती, तर त्या वाचनाचा उपयोग झाला असता. पण त्या चिडलेल्या शहरातली कोणती दोन-तीन माणसं पिस्तूल उचलणार, हे कुठल्याच पेपरात नसतं. उघड माहिती वातावरण सांगते, ताकद सांगते, तयारी सांगते. हेतू क्वचितच सांगते. दुसरी गोष्ट, आधी लेख आला आणि आठवड्याने गोळी सुटली, म्हणून लेखाने गोळी झाडली असं ठरत नाही. हा घोटाळा आजच्या टिपणांतही दिसतो. आज लेखाच्या जागी पोस्ट असते एवढंच.

आता दुसरा प्रश्न, उघड गोष्टीला गुप्तवार्ता कसं म्हणायचं. माझं मत असं की गुप्त काही असेलच तर तो तुमचा प्रश्न असतो. बातमी सगळ्यांची, पण ती अमुक अधिकाऱ्याला, अमुक निर्णयासाठी, अमुक दिवशी का लागते हे बाहेरच्याला माहीत नसतं. कात्रण म्हणजे गुप्तवार्ता नव्हे. जिल्हा माहिती कार्यालयात रोज सकाळी कात्रणं कापली जातात आणि साहेबांच्या टेबलावर जातात. ते जनसंपर्काचं काम आहे, गुप्तवार्तेचं नाही. त्या कात्रणाला आधीच्या चार कात्रणांशी जोडून, खरं-खोटं तपासून, "म्हणून पुढच्या आठवड्यात हे होऊ शकतं" असं कुणीतरी सही करून लिहितं, तेव्हा ती गुप्तवार्ता होते. सही महत्त्वाची. सही आली की माणूस विचार करून लिहितो.

परदेशातला इतिहास तुमच्या पुस्तकांत असेलच, म्हणून थोडक्यात. ब्रिटनमध्ये 1939 साली बीबीसीने परदेशी रेडिओ ऐकण्याचा विभाग काढला, अमेरिकेने 1941 मध्ये तसाच काढला आणि पुढे तो सीआयएकडे गेला. क्युबाच्या पेचप्रसंगात 28 ऑक्टोबर 1962 ला क्षेपणास्त्रं मागे घेतो हे सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हने मॉस्को रेडिओवरून जाहीर केलं. राजनैतिक मार्गाने पत्र पोचायला तास न् तास लागत होते आणि तेवढा वेळ नव्हता. वॉशिंग्टनला ते कळलं रेडिओ ऐकणाऱ्यांकडून. आणि एक सूचना: "80 ते 90 टक्के गुप्तवार्ता उघड स्रोतांतून मिळते" हे वाक्य उत्तरपत्रिकेत लिहू नका. 1947 साली अ‍ॅलन डलेस (पुढे सीआयएचे प्रमुख) यांनी अमेरिकन सिनेटला दिलेल्या टिपणात 80 टक्क्यांहून जास्त असा आकडा आहे, पण तिथेच त्यांनी तो आपला अंदाज असल्याचं म्हटलंय. पुढे सगळ्यांनी अंदाज हा शब्द गाळला आणि वर दहा टक्के चढवले.

आपल्या देशातलं उदाहरण मात्र नीट समजून घ्या, कारण त्यात सगळं आहे. अक्साई चीन, म्हणजे लडाखच्या पूर्वेचा, आपण आपला मानतो तो प्रदेश. चीनने शिनजियांग ते तिबेट रस्ता बांधला, त्यातला सुमारे 180 किलोमीटरचा भाग अक्साई चीनमधून जातो. तो पूर्ण होत आल्याचं चीनने लपवलं नव्हतं. सप्टेंबर 1957 मध्ये चिनी वर्तमानपत्रांत अभिमानाने बातमी आली की रस्ता ऑक्टोबरमध्ये पुरा होणार. पेकिंगमधल्या आपल्या दूतावासाने ती वाचली आणि दिल्लीला कळवलं. सोबत छापलेला नकाशा इतका लहान होता की रस्ता आपल्या हद्दीतून जातो की नाही हे खात्रीने सांगता येईना. खात्री करायला माणसं पाठवायची, तर त्या उंचीवर हिवाळ्यात जाता येत नाही. 1958 च्या उन्हाळ्यात दोन गस्ती पथकं गेली, त्यातलं एक चिन्यांनी पकडलं. त्याच जुलैमध्ये 'चायना पिक्टोरियल' या मासिकात आपला प्रदेश चीनमध्ये दाखवणारा नकाशा आला, त्यावर ऑगस्टमध्ये निषेध गेला. रस्त्याबद्दलचा खलिता गेला तो 18 ऑक्टोबर 1958 ला. संसदेला कळलं ऑगस्ट 1959 मध्ये.

आता यात माहिती कुठे कमी पडली? दूतावासातल्या वाचणाऱ्याने आपलं काम चोख केलं होतं. बातमी उघड होती, वेळेवर कळवलीही होती. पुढचं वर्ष गेलं पडताळणीत आणि हे प्रकरण कुणापुढे, कसं, किती ठेवायचं यात. पडताळणीला लागलेला वेळ मी समजू शकतो, बर्फ काही कुणाच्या आदेशाने वितळत नाही. त्यापुढचा वेळ समजणं अवघड जातं. प्रशिक्षणार्थी नेहमी विचारतात, उपग्रह असते तर? आज ते आहेत, आणि खासगी कंपन्या त्यांची चित्रं विकतात. 2021 साली अमेरिकेतल्या मिडलबरी संस्थेच्या संशोधकांनी अशीच विकत मिळणारी चित्रं बघून चीनच्या युमेनजवळच्या वाळवंटात क्षेपणास्त्रांसाठीची असावीत अशी 119 बांधकामं मोजली. कुठल्याही गुप्तचर संस्थेचे नसलेल्या लोकांनी. दिसण्याचा प्रश्न आता बराचसा सुटलाय. वर पोचल्यावर काय होतं, तो प्रश्न 1957 मध्ये होता तिथेच आहे.

इतक्या मोठ्या गोष्टी सोडा. रोजचं काम कसं चालतं ते दाखवतो. समजा, पुणे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या पानावर सहा ओळींची बातमी आहे: फलक लावण्यावरून दोन गटांत बाचाबाची, पोलिसांनी मध्यस्थी केली, गावात तणावपूर्ण शांतता. नवखा माणूस पान उलटतो. अनुभवी माणूस आधी बातमी कुणी दिली ते बघतो. 'प्रतिनिधी' लिहिलंय की 'वार्ताहर'? तालुक्याचा वार्ताहर बहुधा मानधनावर असतो, जाहिराती आणणंही त्याच्याच गळ्यात असतं, आणि जाहिराती देतात स्थानिक पुढारी. बातमी खोटी असेल असं नाही. पण कुणाचं नाव का नाही याचं उत्तर तिथे असू शकतं. मग दुसरे दोन पेपर काढायचे. तिन्हींत शब्द न् शब्द तोच असेल, तर ती पोलिसांची प्रेसनोट आहे. स्रोत तीन नव्हेत, एकच. एकाने मात्र जखमींचा आकडा वेगळा दिला असेल, तर तो वार्ताहर प्रत्यक्ष जाऊन आला असण्याची शक्यता आहे. त्याचं नाव लक्षात ठेवायचं.

त्यानंतर मागचे अंक. फलक कशाचा होता? वाढदिवसाचा असेल तर भांडण दोन पुढाऱ्यांचं, आणि ते ग्रामपंचायतीच्या निकालापर्यंत चालेल. महापुरुषाचा किंवा सणाचा असेल तर गोष्ट वेगळी. मग पुढचं पंचांग. जत्रा कधी, उरूस कधी, मिरवणूक कुठल्या रस्त्याने जाते, आठवडे बाजार कोणत्या वारी. सगळं छापलेलं, सगळं उघड. शेवटी चार ओळींचं टिपण: काय झालं, कशावरून कळलं, कितपत भरवसा, पुढे कोणत्या तारखेला लक्ष ठेवावं. भरवशासाठी जगभर एक जुनी पद्धत आहे: स्रोताला ए ते एफ आणि माहितीला 1 ते 6 अशी वेगवेगळी श्रेणी. वेगवेगळी का? कारण भरवशाचा माणूसही चुकीची माहिती आणतो आणि लबाडही कधी खरं बोलतो. आपल्याकडे हे दोन्ही एकत्र करून "खात्रीलायक सूत्रांकडून समजते" असं लिहिण्याची हौस आहे. माझ्या हाताखालच्यांना ते वाक्य मी लिहू देत नसे.

ते टिपण मग पोलीस ठाण्याच्या गोपनीयवाल्याकडे, म्हणजे गुप्त माहिती काढणाऱ्या पोलिसाकडे जातं, तो गावात जाऊन चहा पितो आणि खरं काय ते बघतो. उघड माहितीचा खरा उपयोग हाच. माणूस कुठे पाठवायचा ते ती सांगते. गोपनीयचा एकेक माणूस किती गावांना पुरणार? साखर आयुक्तालयावर ऊसदराचा मोर्चा येणार हे कुणी गुप्तपणे शोधून काढत नाही, ते संघटनेने स्वतःच जाहीर केलेलं असतं. गाड्या कोणत्या तालुक्यांतून निघतील आणि यंदा गर्दी गेल्या वर्षीपेक्षा जास्त का असेल, हे मात्र वाचणाऱ्याने काढायचं असतं. थकलेल्या बिलांच्या बातम्या कोणत्या कारखान्यांच्या नावाने सतत येतायत, एवढं बघितलं तरी निम्मं कळतं.

हे न जमल्याचं काय होतं, ते 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात दिसलं. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने भिक्षेकरी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मारून टाकलं. अफवा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होती, आणि व्हॉट्सअ‍ॅप बाहेरून वाचता येत नाही, हे खरं. पण तशाच अफवेवरून देशात इतर ठिकाणी झालेल्या मारहाणींच्या, हत्यांच्या बातम्या त्याआधी कित्येक आठवडे छापून येत होत्या. भटक्या समाजाची माणसं कोणत्या दिवसांत कोणत्या भागात फिरतात, हेही गुपित नाही. बंद खोलीतली कुजबुज ऐकू आली नाही तरी तिचे परिणाम बाहेर दिसतात, आणि बाहेरचं वाचायला कुणाची परवानगी लागत नाही.

सोशल मीडियाबद्दल लोकांना फार कुतूहल असतं, माझं कमी आहे. मुंबई पोलिसांनी 2013 मध्ये सोशल मीडिया लॅब सुरू केली, त्यानंतर अशी व्यवस्था ठिकठिकाणी झाली. तिथे माल प्रचंड आणि दाणा कमी. यंत्र शब्द पकडतं, बोलण्याचा रोख पकडत नाही. निवडणुकीत कार्यकर्ता "करेक्ट कार्यक्रम करणार" लिहितो तेव्हा त्याला समोरच्याला पाडायचं असतं, मतांनी. यंत्राला ते काहीही वाटू शकतं. त्यात निम्मं मराठी इंग्रजी लिपीत, प्रत्येकाचं स्पेलिंग निराळं. खोट्या चित्रफितींनी तर कहर केलाय. मे 2025 च्या भारत-पाक संघर्षात व्हिडिओ गेममधली दृश्यं लढाईची म्हणून फिरली. अशा वेळी उपयोगी पडतं ते कंटाळवाणं काम: हेच चित्र आधी कुठे आलं होतं का ते शोधणं, सावल्यांवरून वेळ काढणं, मागच्या डोंगराची कड नकाशाशी जुळवणं, दुकानाच्या पाटीवरची लिपी वाचणं.

आता तुमचा तिसरा प्रश्न. तुम्ही सगळ्यांना दिसेल अशी पोस्ट टाकली असेल, तर ती पोलिसाला वाचता येते, जशी तुमच्या भावी सासऱ्यांना येते. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातून, तुम्ही स्वतः जाहीर केलेली माहिती वगळलेली आहे. वर सरकारला आपल्या यंत्रणांना सूट देता येते ती वेगळीच. गुप्तचर विभागासारख्या संस्थांना माहिती अधिकारही बहुतांशी लागू नाही. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाचे आरोप तेवढे अपवाद. म्हणून वाचणं बेकायदा नाही.

पण वाचणं आणि साठवणं यात फरक आहे, आणि इथे मी माझ्या काही जुन्या सहकाऱ्यांशी भांडतो. एखाद्या मोर्चाची पोस्ट बंदोबस्तासाठी वाचली, हे ठीक. तीच पोस्ट टाकणाऱ्या माणसाच्या पाच वर्षांच्या पोस्ट, मित्र, फोटो, जाण्यायेण्याची ठिकाणं एकत्र बांधून फाईल केली, तर तुकडे उघड असले तरी फाईल उघड नसते. ती पाळत झाली. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. पुढच्याच वर्षी केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने सोशल मीडिया कम्युनिकेशन हबचा प्रस्ताव काढला, जिल्ह्याजिल्ह्यांत माणसं बसवून लोकांचं ऑनलाइन बोलणं टिपायचं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, हे पाळतीचं राज्य होईल अशा अर्थाचे ताशेरे आले आणि ऑगस्ट 2018 मध्ये सरकारने प्रस्ताव मागे घेतला. कायद्याचं सोडा, कामाच्या दृष्टीनेही तो प्रकार मला पटला नव्हता. सगळ्यांवर नजर ठेवणाऱ्याला राईनपाडा दिसत नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगतो. आपण वाचतो तसं समोरचाही आपल्याला वाचतो. 26/11 ला कमांडो कुठून उतरतायत हे टीव्हीवर थेट चाललं होतं आणि पाकिस्तानात बसलेले सूत्रधार ते बघून हल्लेखोरांना फोनवर सूचना देत होते. कसाबच्या निकालात 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांना यावरून सुनावलं. 2015 मध्ये नियम बदलून दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणावर बंदी आली, आणि एप्रिल 2025 मध्ये पहलगामनंतर पुन्हा तशी सूचना काढावी लागली. पुणे लष्कराचं शहर आहे. दक्षिण कमांड इथे, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी (एनडीए) इथे, संरक्षण संशोधनाच्या प्रयोगशाळा इथे. धावायचं अ‍ॅप लावून आवारात पळणाऱ्यांचे मार्ग जगाच्या नकाशावर कसे उमटतात, हे 2018 मध्ये स्ट्राव्हाच्या नकाशाने दाखवलं; तो प्रकार लक्षात आणून दिला एका ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याने. आपल्या निविदा, बदल्यांचे आदेश, निरोप समारंभाचे फोटो, सगळं कुणीतरी जोडत असणार असं धरून चालावं.

शेवटी, हे काम शिकायचं असेल तर अभ्यासक्रमाची वाट बघू नका. एकच तालुका निवडा, स्वतःचा नको, तिथे तुमची मतं आधीच ठरलेली असतात. त्याचं पान रोज दोन पेपरांत वाचा. सोबत एखादी भाषा धरा. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकण्याची सोय आहे आणि परक्या भाषेतला पेपर मुळातून वाचणारा माणूस आजही सहज सापडत नाही. आठवड्याला एक टिपण लिहा, एका पानाच्या आत, त्यात पुढच्या पंधरा दिवसांचा एक तरी स्पष्ट अंदाज तारखेसह हवा. "परिस्थितीवर लक्ष ठेवणे आवश्यक" हे वाक्य चालणार नाही. पंधरा दिवसांनी ते काढून अंदाजापुढे काय झालं ते लाल पेनाने लिहा, आणि चुकला असेल तर कोणती बातमी वाचूनही सोडली होती, तिची तारीख बाजूला टाका.